दुसऱ्याच्या गाडीतून जाताना: शेजारच्या सीटवरची कामं

मी गाडी शिकले ती वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी. त्याआधीची वीसेक वर्षं दुसऱ्यांच्या गाडीतूनच फिरले. कधी दिराच्या, कधी ऑफिसातल्या मैत्रिणीच्या, कधी शेजारच्या काकांच्या. आपण गप्पा मारतो, खाऊ देतो, म्हणजे आपली सोबत चांगली असणार असं मला वाटायचं. मग एका गणपतीत मी स्वतः पुण्याहून रत्नागिरीपर्यंत गाडी नेली, सोबत चार माणसं होती. शेजारी बसलेलं माणूस चालवणाऱ्याचा शीण निम्म्यावर आणू शकतं किंवा दुप्पट करू शकतं, हे त्या सात-आठ तासांत नीट समजलं.

ताशी ८० किलोमीटरच्या वेगात गाडी एका सेकंदात २२ मीटर पुढे जाते. "हा फोटो बघ ना" म्हटल्यावर चालवणाऱ्यानं दोन सेकंद मान वळवली, तर ४४ मीटर रस्ता न बघताच मागे पडतो. एकामागे एक चार एसट्या उभ्या केल्या तर साधारण तेवढी लांबी होईल. म्हणून दुसऱ्याच्या गाडीत बसल्यावर त्याचं लक्ष खर्च होईल असं काही करायचं नाही, आणि रस्ता सोडून बाकीची जेवढी कामं आपल्याला उचलता येतील तेवढी उचलायची. खालचं सगळं याच हिशेबानं लिहिलं आहे. उदाहरणं पुणे-रत्नागिरीची आहेत, कारण तो रस्ता माझ्या अंगवळणी पडला आहे. कऱ्हाडपर्यंत हायवे, मग कोकरूड-मलकापूर आणि शेवटी आंबा घाट. एकूण तीनशे किलोमीटरच्या आसपास.

आदल्या रात्री

सामान किती आणि कसलं आहे ते आधी सांगा. "एकच बॅग आहे" म्हणून चाकांची कडक सूटकेस, गौरीच्या साड्यांची पिशवी आणि नारळाचं पोतं घेऊन उभं राहिलं, तर डिकी पुन्हा लावण्यात अर्धा तास जातो. कापडी, दबणाऱ्या बॅगा बऱ्या. मागच्या काचेजवळच्या फळीवर काही ठेवू नका. आरशात मागचा रस्ता दिसत नाही आणि जोराचा ब्रेक लागला की तिथली वस्तू सरळ डोक्यावर येते. परतीच्या वाटेवर सुके बोंबील, सुकट किंवा पिकलेला फणस आणायचा असेल तर गाडीवाल्यांना आधी विचारा, आणि हो म्हणाले तर झाकणाच्या डब्यात घट्ट बंद करून आणा. सीटच्या कापडात शिरलेला सुकटीचा वास पंधरा दिवस जात नाही.

आणखी एक काम आदल्या रात्रीच करून टाका. वाटेतल्या भागाचा नकाशा मोबाइलमध्ये उतरवून ठेवा, कारण आंबा घाटात रेंज येते-जाते. गेली काही वर्षं गणपतीत कोकणात जाणाऱ्या गाड्यांना सरकार टोलमाफीचे पास देतं. त्यासाठी पोलीस ठाण्यात किंवा आरटीओत जावं लागतं. गाडीचा नंबर आणि कागदपत्रं मागून घेऊन तो पास तुम्हीच काढून आणलात, तर गाडीवाल्याचा एक हेलपाटा वाचतो.

कुठं उभं राहायचं

गाडी येणार असेल त्याच्या पाच मिनिटं आधी खाली या. "निघतेच आहे" हा फोन चप्पल पायात घातल्यावर करायचा असतो.

वेळेइतकीच जागाही महत्त्वाची. गाडी ज्या दिशेनं जाणार त्याच बाजूला उभं राहा. साताऱ्याकडे जाणाऱ्या गाडीसाठी तुम्ही मुंबईकडच्या बाजूला थांबलात, तर बायपासवर तिला पुढचा पूल गाठून वळून यावं लागतं, आणि परत फिरून पुन्हा योग्य बाजूला यायला आणखी एक पूल. सिग्नलच्या तोंडाशी, रिक्षा स्टँडवर किंवा वळणावर थांबू नका. गाडीला अर्धा मिनिट निवांत कडेला घेता येईल अशी जागा शोधा आणि लोकेशन पाठवा. सोबत खूणही लिहा: "मेडिकलच्या पुढे, निळं शटर."

बसताना

चपलांचा चिखल बाहेरच झटका. ओल्या छत्रीसाठी आणि पायाखाली घालायला जुना पेपर आणा. दार बेतानं ओढून लावा. जड गाड्यांची सवय असलेली माणसं छोट्या गाडीचं दार इतक्या जोरात आपटतात की आत बसलेल्याचे कान दडपतात.

मग पट्टा. मागच्या सीटवर बसलात तरी पट्टा लावायचाच. कायद्यानं तो बंधनकारक आहे आणि न लावल्यास १,००० रुपये दंड आहे, पण कारण दंडाचं नाही. उद्योगपती सायरस मिस्त्री ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात गाडी पुलाच्या कठड्यावर आदळून गेले. ते मागच्या सीटवर होते आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता. पट्टा न लावलेला माणूस धडकेत स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट जोरानं पुढच्या सीटवर फेकला जातो आणि पुढं बसलेल्यालाही चेंगरतो. म्हणजे मागं बसून पट्टा टाळणं हा चालवणाऱ्याच्या जिवाशीही खेळ आहे. बऱ्याच गाड्यांत मागची बक्कलं सीटकव्हरखाली गडप झालेली असतात. निघण्याआधीच कव्हर वर करून ती काढायला सांगा, हायवेला लागल्यावर शोधत बसू नका.

पुढच्या सीटवर मांडीवर मूल घेऊन बसू नका, आणि डॅशबोर्डवर पाय तर कधीच ठेवू नका. एअरबॅग पापणी लवायच्या आत फुगते. तिच्यासमोर मूल असेल तर ते चेंगरतं, पाय असतील तर गुडघे छातीवर येतात आणि कंबरेची हाडं मोडतात.

पायाशी काय आहे ते बघा

हे मी स्वतःच्या चुकीतून शिकले, म्हणून सविस्तर लिहिते. मैत्रिणीच्या गाडीत मी मागे बसले होते. स्टीलची गोल पाण्याची बाटली पायाशी आडवी ठेवली होती. आंबा घाट उतरायला लागलो आणि पहिल्याच वळणावर ती घरंगळत तिच्या सीटखालून थेट पुढे गेली. मैत्रिणीनं ब्रेकवर पाय ठेवला तर तो पूर्ण खाली जाईना. खाली बघायला वेळ नव्हता, समोर वळण होतं. तिनं खालचा गिअर टाकला, हँडब्रेक हळूहळू ओढला आणि गाडी डोंगराच्या बाजूला घेतली. पेडलखालून बाटली काढताना आम्हा दोघींचेही हात थरथरत होते.

तेव्हापासून बाटली, छत्री, डबा, मुलांचा चेंडू, काढलेल्या चपला यातलं काहीही मी मोकळं खाली ठेवत नाही. बाटली दाराच्या कप्प्यात किंवा सीटमागच्या खिशात, बाकीचं तोंड बांधलेल्या पिशवीत. घाट उतरण्याआधी एकदा वाकून सगळ्यांच्या पायाशी नजर टाकते.

पुढची सीट

पुढं बसणाऱ्यानं झोपायचं नाही. डोळे मिटत असतील तर सरळ सांगा आणि मागच्या कुणाला तरी पुढं पाठवा. पहाटे दोन ते पाच आणि जेवणानंतरच्या दुपारी चालवणाऱ्यालाही झोप येते, आणि शेजारचं माणूस घोरायला लागलं की ती दुप्पट वेगानं येते. समृद्धीसारख्या सरळसोट काँक्रीटच्या रस्त्यावर तर भरदिवसाही डोळे जड होतात, कारण वळण नाही, सिग्नल नाही, बदलच काही नाही.

चालवणाऱ्याच्या झोपेच्या खुणा ओळखायला शिका. सतत जांभया, मान चोळणं, वेग विनाकारण कमी-जास्त होणं, गाडी रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यावर सरकणं, तुमच्या प्रश्नाला उशिरा आणि तुटक उत्तर. यातल्या दोन दिसल्या तरी बोला. पण "झोप येतेय का?" असं विचारू नका, उत्तर "नाही" असंच येतं. "मला चहा हवाय, पुढच्या हॉटेलला थांबू या" म्हणा. थांबल्यावर चहा घ्या आणि त्यांना सीट मागे करून वीस मिनिटं झोपू द्या. काच उघडून वारा घेतला किंवा गाणी मोठ्यानं लावली म्हणून झोप जात नाही, ती फक्त दहा मिनिटं पुढं ढकलली जाते.

चालवणाऱ्याचा फोन तुमच्याकडे घ्या. आलेला फोन उचला आणि "ती गाडी चालवतेय, निरोप देते" इतकं सांगा. घरातली कटकटीची बातमी असेल तर थांबल्यावर सांगा, चालत्या गाडीत नाही. खायला द्यायचं तर एका घासाचं, सोललेलं, हातात ठेवता येईल असं. गरम चहा चालत्या गाडीत कुणालाच देऊ नका. रात्री आतला दिवा लावू नका, मोबाइलचा उजेडही कमी करा, कारण काचेत त्याचं प्रतिबिंब पडून बाहेरचं दिसत नाही.

आणि चौकात गाडी डावीकडे बघायला थांबली की पाठ सीटला टेकवा. आपणही उत्सुकतेनं पुढं वाकून बघतो आणि नेमका त्यांचा डावा आरसा झाकतो.

रस्ता सांगणं

"इथून, इथून! अगं गेलं!" हे रस्ता सांगणं नव्हे. वळण यायच्या बरंच आधी सांगा, हायवेवर तर एक किलोमीटर आधी: "पुढचा पूल सोडायचा, त्याच्या पुढच्या पुलाखालून डावीकडे." पूल आला की सर्वात आधी एकच गोष्ट सांगायची, वरून जायचं की खालून. हाच प्रश्न शेवटच्या क्षणी अडचणीत आणतो. बोटानं दाखवू नका, चालवणाऱ्याची नजर तुमच्या बोटावर नसते. डाव्या-उजव्यात तुमचा गोंधळ होत असेल तर "तुझ्या बाजूला" आणि "माझ्या बाजूला" असं म्हणा. हे शब्द चुकूच शकत नाहीत आणि ऐकणाऱ्यालाही पटकन कळतात.

नकाशा चार मिनिटं वाचवायला एखाद्या वाडीतल्या बोळातून नेतो, तिथं समोरून ऊस भरलेला ट्रॅक्टर आला की अर्धा तास गेला. असा फाटा आला तर आधी रस्त्याची रुंदी विचारात घ्या आणि वाटल्यास पानटपरीवर उतरून विचारून या. विचारायला उतरायचं ते तुम्ही, चालवणाऱ्यानं नाही.

वळण चुकलं तर "काही नाही, पुढून वळू" एवढंच म्हणा. चूक कुणाची होती त्याचा निकाल गाडीत लावायचा नसतो.

कधी बोलायचं, कधी गप्प बसायचं

प्रत्येक ट्रकला "बघ हं", प्रत्येक खड्ड्याला "अगं आई गं" आणि हवेत ब्रेक दाबणारा पाय यानं चालवणारा अस्वस्थ होतो, आणि खरा धोका आला तेव्हाचा तुमचा आवाजही त्या गर्दीत हरवतो. खरा धोका दिसला तर दोन शब्दांत जागा आणि वस्तू सांगा: "डावीकडे बाईक", "पुढे म्हैस". किंचाळू नका.

वेग जास्त वाटत असेल तर त्यांच्या चालवण्यावर टीका करण्याऐवजी स्वतःबद्दल सांगा. "मला भीती वाटतेय, जरा हळू घ्याल का?" याला बहुतेक माणसं लगेच मान देतात. दोनदा सांगूनही ऐकत नसतील तर पुढच्या ढाब्यावर उतरा आणि एसटी पकडा. चालवणारा प्यायलेला असेल तर बसूच नका, तो सख्खा मामा असला तरी. शिवाय त्याच्याकडून किल्ली मागून घ्या. रक्तात १०० मिलिलिटरला ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल हा गुन्हा आहे, पण तिथपर्यंत मोजत बसायची गरज नाही.

गाडी लागत असेल तर

यात लाजण्यासारखं काही नाही. डोळ्यांना गाडीचा आतला भाग स्थिर दिसतो, पण कानातला तोल सांभाळणारा भाग म्हणतो आपण हलतोय. या दोन निरोपांचा मेळ बसत नाही म्हणून मळमळतं. त्यामुळे पुढची सीट मागून घ्या, दूरच्या रस्त्याकडे बघा, मोबाइल बंद ठेवा आणि पोट अर्धं भरलेलं ठेवा. आवळासुपारी किंवा आलेपाक तोंडात धरल्यानं बऱ्याच जणांना बरं वाटतं. गोळी घेत असाल तर डॉक्टरांना विचारून आणि निघायच्या अर्धा-एक तास आधी. घाट सुरू झाल्यावर घेतलेली गोळी वेळेवर लागू पडत नाही. भोक नसलेल्या दोन प्लास्टिकच्या पिशव्या खिशातच ठेवा. आणि तोंडाला पाणी सुटलं, घाम आला की तेव्हाच सांगा. पुढच्या वळणाची वाट बघितलीत तर चालवणाऱ्याला थांबायला जागा शोधायची संधीच मिळत नाही.

बाथरूमचंही तसंच आहे. वीस मिनिटं आधी सांगा, अगदी लागल्यावर नाही. गाडीत बायका असतील तर स्वच्छ जागा कुठली हे विचारून ठेवणं हे काम पुरुष मंडळींनीही करावं.

घाटात आणि पावसात

गणपतीच्या दिवसांत आंबा घाटात धुकं इतकं उतरतं की पुढच्या गाडीचे लाल दिवेच तेवढे दिसतात. अशा वेळी गाणी बंद करा, गप्पा थांबवा आणि तुमच्या बाजूची पांढरी पट्टी, कठडा आणि दरड यावर नजर ठेवा. "कठडा जवळ आलाय" एवढं सांगितलं तरी खूप. समोरची काच आतून धुरकट झाली तर हातानं पुसू नका, हाताचा तेलकटपणा लागून समोरच्या दिव्यांचे फराटे दिसतात. एसी चालू करून हवा काचेकडे वळवा आणि आतलीच हवा फिरवणारं बटण बंद करा. कुठलं बटण कशाचं हे सपाट रस्त्यावर असतानाच विचारून ठेवा, म्हणजे घाटात ते काम तुम्ही करू शकता.

अरुंद चढावर समोरासमोर आलेल्या गाड्यांत चढणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यायचं असतं. आपली गाडी उतरत असेल तर "आपण का थांबायचं?" म्हणून चालवणाऱ्याला भरीस घालू नका.

पैसे

फास्टॅगमुळे टोल गुपचूप कापला जातो आणि मागे बसलेल्यांना तो दिसतच नाही. पुणे ते कऱ्हाडदरम्यान खेड-शिवापूर, आनेवाडी आणि तासवडे असे तीन टोलनाके लागतात. पेट्रोलचा हिशेब सोपा आहे. तीनशे किलोमीटर, लिटरला पंधराचं ॲव्हरेज, म्हणजे वीस लिटर. त्या दिवसाच्या दरानं गुणा, टोल मिळवा, गाडीतल्या माणसांनी भागा.

पण शेवटी "किती झाले?" विचारलं की उत्तर एकच येतं, "अहो राहू द्या." म्हणून पंपावर गाडी थांबताच उतरा आणि पैसे देऊन टाका. उतरलाच आहात तर मीटरवर शून्य बघा, पेट्रोल की डिझेल हे पंपावाल्याला स्पष्ट सांगा आणि हवा तपासून घ्या. गाडीवाले अगदीच ऐकत नसतील तर जेवणाचं बिल तुमचं. फक्त ते खरंच भरलं पाहिजे, नुसतं पाकीट पुढं करून भागत नाही.

मागे घेताना

गाडी रिव्हर्स घेताना मदतीला उतरा, पण एकानंच. तिघं तीन बाजूंनी "येऊ द्या, येऊ द्या" म्हणाले की कुणाचं ऐकायचं कळत नाही. गाडीच्या पाठीमागे उभं राहू नका. चालवणाऱ्याच्या बाजूला, जरा मागे उभं राहा. आरशात त्यांचा चेहरा तुम्हाला दिसला तरच तुम्ही त्यांना दिसता. "अजून चार फूट… दोन फूट… थांब" असं अंतर सांगा. नुसत्या "येऊ द्या"नंतर एकदम ओरडलेलं "बास!" आलं की तोपर्यंत बंपर भिंतीला टेकलेला असतो.

गाडी बंद पडली तर

आधी सगळे डावीकडून उतरा आणि कठड्यापलीकडे जाऊन थांबा, मुलांचा हात धरून. हायवेवर बंद गाडीत बसून राहणं धोक्याचं असतं. एकानं लाल त्रिकोण मागे, निदान पन्नास पावलांवर ठेवावा. वळण असेल तर वळणाच्या अलीकडे. चाक बदलायचं असेल तर विरुद्ध बाजूच्या चाकाला दगड लावा, टॉर्च पान्यावर धरा आणि काढलेले नट रुमालात बांधून हातात ठेवा. अंधारात गवतात गेलेला नट सकाळपर्यंत सापडत नाही. फोन तुम्ही लावा: राष्ट्रीय महामार्गावर १०३३, कुणाला लागलं असेल तर १०८, बाकी काहीही असेल तर ११२. बोलण्याआधी जवळच्या मैलाच्या दगडावरचा आकडा वाचून घ्या.

उतरताना

नेहमी डावीकडूनच. दार उघडताना डाव्या दाराला उजवा हात लावा. हात तसा लांब नेला की खांदा आणि मान आपोआप मागे वळते आणि डावीकडून घुसणारी दुचाकी दिसते. आधी चार बोटं दार उघडा, थांबा, मग पूर्ण. मुलांना हेच शिकवा, आणि लहान मुलांच्या बाजूचं दार मोठ्यांनीच उघडा.

सीटच्या फटीत, पायाशी, दाराच्या कप्प्यात बघा. आपला चष्मा, चार्जर, शेंगांची टरफलं सगळं घेऊन उतरा. गणपतीपुळ्याला समुद्रावर गेला असाल तर पाय धुऊन, कोरडे करूनच गाडीत बसलेले असावेत. मॅटमधली वाळू महिनाभर निघत राहते. मॅट काढून झटकून देणं हे दोन मिनिटांचं काम आहे आणि ते तुमचं आहे.

तुम्हाला सोडून गाडीवाले पुढं जाणार असतील तर लगेच फोन करू नका, ते अजून गाडी चालवत आहेत. "पोचलात की कळवा" असा मेसेज टाका. रात्र झाली असेल आणि पुढचा रस्ता ते एकटेच कापणार असतील, तर त्यांचं उत्तर येईपर्यंत जागं राहा.